साठला काळी दोन

आवाज पहिल्यांदा ऐकला तो माळशेज उतरून टोकावड्याच्या अलीकडे सपाटी लागल्यावर. पहाटेचे तीन वाजले होते, पिकअपमध्ये टोमॅटोची ६५ कॅरेट होती आणि पाऊस नुकताच थांबला होता. काटा ४५ च्या पुढे गेला की मागून, हौद्याच्या खालून, कोणीतरी तोंड मिटून हुंकार भरावा तसा आवाज यायचा. ६० ला तो सगळ्यात मोठा. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गप्प.

वाशीला माल उतरवला आणि परत येताना मुरबाडपर्यंत काच खाली करून, रेडिओ बंद करून तेच ऐकत आलो. रिकाम्या गाडीला आवाज कमी होता, पण होता. घाट चढताना मात्र पुन्हा वाढला.

नारायणगावच्या मार्केटात गाड्या नंबरला लागल्या की ड्रायव्हरांना वेळच वेळ असतो. मी आवाजाचं सांगितलं आणि दहा मिनिटांत पाच उत्तरं मिळाली. टायर कुठे कमी कुठे जास्त झिजून त्याला डोंगर आलेत. हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, बेअरिंग गेलं. गिअरबॉक्सचं पाचवं गिअर. कोणीही वाईट हेतूने बोलत नव्हतं, प्रत्येकाच्या गाडीला कधीतरी तेच झालेलं होतं. मी एका गॅरेजला गाडी नेली. तिथल्या मिस्त्रीने चाक उचलून हलवून पाहिलं आणि दोन्ही मागच्या हबची बेअरिंगं बदलली. जुनी बेअरिंगं मी मागून घेतली. घरी आणून डिझेलमध्ये धुतली, उन्हात धरली. एकाही रोलरवर खड्डा नाही, आतल्या रिंगा आरशासारख्या. चांगला माल काढून चांगला माल बसवला होता, आणि आवाज होता तसाच.

दुसरी खेप जॉईंटच्या क्रॉसची, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यात बसणाऱ्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याची. ती मात्र अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही. पहिल्या गिअरला क्लच सोडताना आणि रिव्हर्समधून पुढे घेताना खालून एक ‘टक्’ यायची. मी ती हुंकाराच्या नादात धरलीच नव्हती. क्रॉस काढले तेव्हा मागच्या क्रॉसच्या एका वाटीतल्या सुया गंजून लाल पावडर झाली होती, आणि ज्या पायावर त्या फिरतात त्यावर नखाला लागतील अशा चरी पडल्या होत्या. नवे क्रॉस बसले, टक् गेली. म्हणजे गाडीत एकाच वेळी दोन दुखणी होती. एक बरं झालं म्हणून दुसरं जाणार नव्हतं.

पण तिथून निघालो आणि ५५ ला गाडी थरथरायला लागली. सीटखाली, पायाखाली, आरशातसुद्धा. हे नवंच होतं. सकाळी गाडीखाली गोणपाट टाकून आडवा झालो आणि तासभर नुसता बघत राहिलो. आमच्या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना बेचकं असतं, त्यात क्रॉस बसतो. ही दोन्ही बेचकी एका रेषेत असावी लागतात. कारण शाफ्ट तिरका असला की क्रॉस एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच झोल उलट्या बाजूने घालतो आणि मग चाकाकडे जाणारी गती सरळ होते. बेचकी एका रेषेत नसतील तर झोल फिटत नाही. आमच्या शाफ्टचा स्लिप जॉईंट (दातांवर मागेपुढे सरकणारा सांधा) परत घालताना दोन-तीन दाते पुढेमागे बसला होता. सुटा करण्याआधी कोणी खूण केली नव्हती. मी तो काढला, बेचकी जुळवली, ग्रीस भरून बसवला आणि दोन्ही भागांवर पिवळ्या रंगाचा एक आडवा पट्टा मारला. थरथर तिथेच थांबली. तो पट्टा अजून आहे.

त्या दिवशी ठरवलं की आता अंदाजाने एकही वस्तू बदलायची नाही. आवाज नेमका कधी येतो आणि कधी येत नाही, हे आधी लिहून काढायचं. मुलीची अर्धी कोरी वही घेतली आणि पहाटे ओतूरच्या पुढे, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली. धाकटा भाऊ शेजारी वही-पेन घेऊन.

आधी ५० चा वेग धरून चौथ्यात चालवली, मग त्याच वेगाला पाचव्यात. इंजिनचे फेरे बदलले, हुंकार बदलला नाही. म्हणजे इंजिन आणि क्लच बाजूला झाले, गिअरबॉक्सचाही बराचसा संशय गेला. मग सपाटीवर, पुढेमागे कोणी नसताना, न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू दिली. आवाज पूर्ण गेला. टायरचा असता तर तो राहिला असता, टायरला इंजिन ओढतंय की नाही याच्याशी देणंघेणं नाही. हबच्या बेअरिंगचंही तसंच, त्यावर गाडीचं वजन असतंच. तरी खात्री म्हणून रस्त्यात हलकेच डावीउजवीकडे नागमोडी नेली. हब गेलं असेल तर एका बाजूला भार गेल्यावर आवाज वाढतो. काही फरक नाही. धरणाजवळच्या मैदानात पहिल्या गिअरला गोल गोल फिरवली. डिफरन्शियलमधले, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळा वेग देणाऱ्या यंत्रणेतले, स्टार पिनियन हे छोटे गिअर फक्त वळताना एकमेकांवर फिरतात, ते खराब असते तर तिथे कुरकुरले असते. शांत. राहिलं काय, तर चाकाच्या वेगाने चालणारं आणि ओढ पडली की बोलणारं. क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक (पिनियन) आणि ते ज्याला फिरवतं ते मागच्या एक्सलवरचं मोठं (क्राऊन), किंवा पिनियनची बेअरिंगं.

उतारावर मी आणखी एक गोष्ट टिपली. घाटात गिअरमध्येच, पाय वर घेऊन, इंजिनच्या ब्रेकवर गाडी उतरवताना हुंकार जाऊन खरखरीत घोगरा आवाज यायचा. त्या वेळी त्याचा अर्थ लागला नव्हता, पण वहीत लिहून ठेवला.

माझा भाऊ गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. आवाज फोनवर रेकॉर्ड करायचं त्याच्याच डोक्यात आलं. घरी येऊन ओट्यावर पेटी उघडली, रेकॉर्डिंग लावलं आणि एकेक पट्टी दाबत गेला.

“दादा, ६० ला काळी दोन आहे बघ. मधल्या सप्तकातली.”

“आणि ५० ला?”

त्याने पुन्हा ऐकलं. “पांढरी एक. अगदी जवळ.”

मी त्याच वहीत हिशोब मांडला. मागच्या टायरला खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली होती, अंतर भरलं २ मीटर १५ सेंटिमीटर. ६० चा वेग म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ४६५ फेरे, सेकंदाला पावणेआठ. स्पेअरच्या दुकानात विचारलं तर आमच्या मॉडेलला क्राऊन-पिनियनचा सेट १०-४१ चा, पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४१. सरळ रस्त्याला क्राऊन चाकांबरोबरच फिरतं. ४१ ला पावणेआठने गुणलं तर सेकंदाला सुमारे ३१८ वेळा दाताला दात भिडतो. मधल्या काळी दोनची कंपनं सेकंदाला ३११. ५० ला हिशोब येतो २६५, आणि पांढरी एकची कंपनं २६२. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा पुढे दाखवतो, तेवढा फरक त्यातच गेला. टायरच्या नक्षीचा सूरही वेगाबरोबर चढतो हे खरं, पण तो पाय काढल्यावर गप्प बसत नाही. इथे दोन्ही पुरावे एकाच जागी बोट दाखवत होते. दाताला दात नीट बसत नव्हता.

आम्ही दोघं त्या ओट्यावर एकमेकांकडे बघत बसलो. इतके दिवस ज्याच्यासाठी पैसे मोजले, ते खडूच्या एका रेघेने आणि पेटीच्या दोन पट्ट्यांनी सापडलं होतं.

दुपारी आळेफाट्यापर्यंत जाऊन आलो आणि गाडी थांबताक्षणी खाली वाकून सगळीकडे पाण्याचे थेंब टाकले. दोन्ही हबवरून थेंब ओघळून गेले. हौजिंगच्या, म्हणजे क्राऊन-पिनियन ज्यात बसतात त्या लोखंडी खोक्याच्या, पोटावर थोडी वाफ आली. पिनियनच्या नाकावर, जिथे शाफ्ट येऊन जोडतो तिथे, थेंब पडताच चुर्र वाजलं आणि डागही राहिला नाही.

संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, मागची दोन्ही चाकं उचलून एक्सलखाली घोड्या (लोखंडी स्टँड) दिल्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हे लिहायलाच हवं. शाफ्ट सुटा करून पिनियनची फ्लेंज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, हातात धरली. वरखाली हलवली तर फारसं काही नाही. पुढेमागे ओढली तर किंचित सरकली, आणि फिरवताना आत वाळू असावी तशी खरखर बोटांना लागली. मग ऑईल. आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करून पाहिला. तोच जाम असेल आणि आपण खालचं सगळं सोडून बसलो, तर नवं भरायचं कुठून? करंगळी आत घातली, टोकाला ऑईल लागलंच नाही. खालचा बोल्ट काढला तर जे आलं ते भरायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं. रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा, आणि त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक. बोल्टच्या चुंबकावर काळा लगदा होता. लगदा थोडा असतोच, पण तो बोटांत चोळल्यावर तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे हाताला लागले. टोकदार.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट जोडून, ऑईल भरून गाडी हळूहळू, ३० च्या वर न नेता, आळेफाट्याच्या पुढे एका चाचांकडे नेली. ते फक्त हौजिंग आणि गिअरबॉक्स करतात. वही दाखवली. त्यांनी ती शांतपणे सगळी वाचली, घाटातल्या घोगऱ्या आवाजाची ओळ दोनदा. मग विचारलं, “भाऊ, पिनियनचं ऑईल सील कितव्यांदा बदललं?”

“वर्षात दोनदा. तरी गळतंच.”

“आणि ओढ्यातून जाता?”

जातो. आमच्या शेताच्या वाटेवर ओढा आहे आणि पावसाळ्यात चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असतं.

चाचा गाडीखाली गेले आणि हात वर घालून हौजिंगच्या डोक्यावरचा वाळलेला चिखल पेचकसने खरवडायला लागले. ढेकळंच्या ढेकळं पडली. खालून एक टोपी निघाली, अंगठ्याच्या नखाएवढी. तिला ब्रीदर म्हणतात, हौजिंगचं नाक. ती बोटाने फिरायला हवी. चाचांनी पक्कड लावली तरी हलेना. शेवटी उपटून काढली तर खालचं भोक चिखलाने आणि जुन्या रंगाने बुजून दगड झालं होतं.

“गाडी चालली की हौजिंग तापतं, आतली हवा फुगते. इकडून बाहेर जायला पाहिजे. हे बंद, मग ती सील दाबते आणि ऑईल घेऊन बाहेर पडते. तुम्ही सील बदला नाहीतर दहा बदला. मग गरम गाडी तुम्ही ओढ्यात घालता, हवा आकसते, आता ती आत ओढते. काय ओढणार? पाणी.”

तो चहाचा रंग तिथे कळला. गळतीही तीच आणि पाणीही तेच, दोन्ही वाटा एका बुजलेल्या भोकातून निघाल्या होत्या.

हौजिंग उघडल्यावर राहिलेली गोष्ट समोर आली. पिनियन दोन बेअरिंगांवर बसतो. मागचं मोठं क्राऊनजवळ, ऑईलमध्ये बुडणारं. पुढचं छोटं नाकाशी, तिथे ऑईल क्राऊनने उडवलेलं तेवढंच पोचतं. ऑईल निम्म्यावर आलं की आधी उपाशी राहतं ते हे छोटं. त्यात घाट चढताना गाडीचं नाक वर, म्हणजे आहे तेही मागे सरकणार. आणि भरलेली गाडी इंजिनच्या ब्रेकवर उतरवताना पिनियन उलटा, क्राऊनकडे ओढला जातो, तो सगळा भार या छोट्या बेअरिंगने घ्यायचा. घोगरा आवाज तिथला होता. बेअरिंग हातात आलं ते निळंजांभळं पडलेलं, वाटीला सोललेल्या सालीसारखे खपले. ते सैल झाल्यावर पिनियन जागेवरून हलला, दात चुकीच्या ठिकाणी घासायला लागले, आणि ओढ पडली की गाडी काळी दोन धरायला लागली.

एक गोष्ट चाचांनी नट काढताना दाखवली. सील बदलताना पिनियनचा नट सोडावा लागतो. त्याच्या आत पातळ नळीसारखा स्पेसर असतो, नट आवळताना तो दबत जातो आणि बेअरिंगला हवा तेवढाच दाब देतो. आमचा नट कोणीतरी हवेच्या गनने एका झटक्यात आवळला होता. स्पेसर गरजेपेक्षा जास्त चेपलेला निघाला. त्यानेही बेअरिंगचं आयुष्य कमी केलंच असणार. तरी माझं मत असं की मूळ ब्रीदरच. सील गळलं नसतं तर तो नट कोणी हातात घेतलाच नसता.

फक्त बेअरिंग बदलून भागेल का, हे मी विचारलं. सीझन चालू होता. चाचांनी पिनियनचे दात कापडाने पुसून उन्हाकडे वळवले. दाताच्या एका टोकाला, ओढीच्या बाजूला, मोहरी सांडावी तसे बारीक खड्डे. क्राऊनवरही. दोघांवर एकच जोडनंबर कोरलेला असतो, कारखान्यात ते एकमेकांवर चालवून जुळवलेले असतात. एक नवा आणि एक जुना चालत नाही. पूर्ण सेट घेतला.

पुढचं काम बघण्यासारखं होतं आणि मी दिवसभर तिथेच थांबलो. चाचांनी शेंदूर तेलात कालवला आणि क्राऊनच्या सात-आठ दातांना ब्रशने लावला. मग क्राऊनला हाताने अडवून धरत पिनियन फिरवला, उलटसुलट. दातांवर जिथे स्पर्श झाला तिथला शेंदूर पुसला जाऊन आकार उमटतो. पहिल्या वेळी ठसा दाताच्या बुडाशी, खोल उमटला. म्हणजे पिनियन क्राऊनच्या फार जवळ. सगळं पुन्हा खोललं, पिनियनच्या मोठ्या बेअरिंगखालची पत्री बदलून एक दशांश मिलिमीटरने पातळ घातली, पुन्हा शेंदूर. दुसऱ्या वेळी थोडा टोकाकडे. डायल लावून क्राऊन-पिनियनमधला मोकळेपणा बघितला, बाजूचे नट अर्धा-अर्धा खाच फिरवून ०.१५ मिलिमीटरवर आणला. तिसऱ्या वेळी ठसा दाताच्या मधोमध बसला, भिजवलेल्या तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, दोन्ही टोकं मोकळी. चाचा काहीच बोलले नाहीत, फक्त मला बोटाने तो दात दाखवला. (शेंदराच्या हाताने जेवू नका, त्यात शिसं असतं. चाचा दोनदा साबण लावतात.)

पिनियनचा नट त्यांनी लांब पान्ह्याने आवळला, स्पेसर नवा घालून. थोडं आवळायचं, फ्लेंजला दोरी गुंडाळायची, दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं आणि फ्लेंज सलग फिरत असताना काटा किती दाखवतो ते बघायचं. पुन्हा थोडं. शेवटी शेवटी तर नट डोळ्याला दिसणार नाही एवढाच फिरायचा. जास्त झालं तर मागे सोडून चालत नाही, कारण दबलेला स्पेसर परत फुगत नाही, नवा घालावा लागतो. हे काम हवेच्या गनने कसं होईल?

ब्रीदरच्या जागी चाचांनी एक नळी बसवली आणि रबरी पाइप चासीच्या पट्टीच्या वर नेऊन तोंड खाली वळवून बांधला, चिखल आणि पाणी पोचणार नाही इतका उंच. ऑईल जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० भरलं. गिअरबॉक्सचं जीएल-४ उरलंय म्हणून इथे टाकायचं नाही, या दातांचं घासणं वेगळं असतं, त्यांना जास्त ताकदीचं ऑईल लागतं.

पहिले २० किलोमीटर रिकामी गाडी ४०-५० ने चालवून थांबवली आणि पूर्ण थंड होऊ दिली. तसं दोन-तीनदा. ५०० किलोमीटरपर्यंत माल भरला नाही. ऐन सीझनमध्ये ते जड गेलं, टोमॅटो दुसऱ्याच्या गाडीतून पाठवावा लागला. पण नवे दात एकमेकांवर बसायच्या आधी त्यांना भाराखाली जाळलं तर केलेलं सगळं पाण्यात. भावाने ६० ला पुन्हा रेकॉर्डिंग केलं. त्यात वारा होता, टायरचा ओला सरसर आवाज होता, आणि मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न.

परवा १००० किलोमीटर झाले. ऑईल बदललं. मधासारखंच निघालं, थोडं काळवंडलेलं. चुंबकावर काजळाएवढा लगदा होता. तर्जनी आणि अंगठ्यात घेऊन बराच वेळ चोळला. कणी लागली नाही. बोल्ट पुसला, नवं वॉशर घातलं आणि बसवला. संध्याकाळी शेतावर जाताना ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली पंधरा मिनिटं गाडी उभी केली, हौजिंगला हात लावून पाहिला, आणि मग पाण्यात घातली.